गूगलसाठी कडी काढायची का?

प्रश्न : जुनी शिलाई यंत्रं दुरुस्त करणाऱ्यांचा आमचा गट आहे. बारा वर्षांतले प्रश्न आणि त्यांची उत्तरं आम्ही जपून ठेवली आहेत, पण लॉगिन केल्याशिवाय ती कुणाला दिसत नाहीत. त्यामुळे गूगलवर आमचं काहीच सापडत नाही आणि नवे सभासद येईनासे झालेत. एका जाणकाराने सुचवलं, की यूजर-एजंटमध्ये ‘गूगलबॉट’ (संकेतस्थळं वाचत फिरणारा गूगलचा प्रोग्रॅम) हे नाव दिसलं की लॉगिन न मागता आत सोडायचं, बाकीच्यांना दारातच थांबवायचं. दहा ओळींचं काम आहे म्हणतात. करावं का?

उत्तर : करू नका. यूजर-एजंट म्हणजे येणाऱ्याने स्वतःच सांगितलेलं नाव. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये ते अर्ध्या मिनिटात बदलता येतं. त्या दहा ओळी घातल्यात, की हे ठाऊक असलेला कुणीही ‘मी गूगलबॉट’ म्हणून आत येईल आणि बारा वर्षांचं सगळं घेऊन जाईल.

खरा गूगलबॉट ओळखता येतो, तेही सांगतो. ज्या आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवरचा संगणकाचा आकडी पत्ता) तो आला, त्याचा उलटा डीएनएस शोध घ्यायचा, म्हणजे त्या पत्त्यावरून संगणकाचं नाव काढायचं. मिळालेलं नाव गूगलबॉट.कॉम किंवा गूगल.कॉमने संपायला हवं. मग त्या नावावरून पुन्हा पत्ता काढायचा आणि तो मूळ पत्त्याशी जुळतो का ते बघायचं. ही दुसरी पायरी गाळू नका, कारण उलट्या शोधात कुठलं नाव दिसावं हे पत्त्याचा मालकच ठरवतो. गूगल आपल्या पत्त्यांची यादीही प्रसिद्ध करतं, तिच्याशी ताडून पाहता येतं.

पण माझा खरा आक्षेप पुढेच आहे. ओळख पटवून आत घेतलेला गूगलबॉट वाचतो, तो जगाला सांगण्यासाठीच. शोधनिकालात शीर्षकाखाली दोन ओळी येतात ना, त्या तुमच्या आतल्या मजकुरातून उचललेल्या असतील.

काही वर्षांपूर्वी मी सभासदांपुरत्या एका संग्रहाची व्यवस्था पाहत होतो. तुमच्यासारखीच अडचण होती आणि मी हाच उपाय केला, तोही पत्ते नीट तपासून. काही आठवड्यांनी एका सभासद बाईंचा फोन आला. त्यांनी सहज स्वतःचं नाव शोधलं होतं. नावाखाली ओळ होती : ‘गोळ्या बंद केल्यापासून झोप लागत नाही, घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही…’ दुव्यावर टिचकी मारली तर समोर लॉगिनची पाटी. त्यांनी एवढंच विचारलं, “माझ्या मुलाने हे वाचलं असेल का हो?” मला उत्तर देता आलं नाही.

ती पानं गूगलवरून काढण्याच्या घाईत मी आणखी एक चूक केली. पानांवर ‘नोइंडेक्स’ची, म्हणजे ‘हे पान शोधनिकालात दाखवू नका’ अशी खूण घातली आणि वर रोबोट्स.टीएक्सटीमध्ये, म्हणजे क्रॉलरनी (गूगलबॉटसारख्या पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रॅमनी) कुठे जाऊ नये ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, तीच पानं बंदही केली. आत यायलाच मनाई केल्यावर ती खूण क्रॉलर वाचणार कशी? पानं निकालात तशीच राहिली. सर्च कन्सोलमधून (संकेतस्थळ चालवणाऱ्यांसाठीची गूगलची सोय) काढण्याची विनंती करता येते, पण ती साधारण सहा महिन्यांपुरती चालते. तेवढ्यात मूळ दार कायमचं बंद करावं लागतं.

रोबोट्स.टीएक्सटीवर भिस्त ठेवू नका. १९९४ साली मार्टाइन कोस्टर यांनी सुचवलेली ती एक विनंती आहे. २०२२ मध्ये आरएफसी ९३०९ या दस्तऐवजात तिचं रीतसर मानक झालं, आणि हा प्रवेशावरचा पहारा नव्हे असं तिथेही लिहिलं आहे. शिवाय ती फाइल कुणालाही वाचता येते. तिथे आतल्या कप्प्यांची नावं लिहिणं म्हणजे ते कुठे आहेत हे सांगणंच.

क्रॉलरला एक आणि माणसाला दुसरं दाखवणं गूगलच्या नियमांत फसवणुकीत मोडतं. वर्गणी घेणाऱ्या वृत्तपत्रांना सवलत आहे : मजकूर मोफत नाही हे पानाच्या संरचित माहितीत (शोधयंत्रासाठी पानात घातलेल्या नोंदींत) नोंदवलं, की पूर्ण लेख क्रॉलरला दाखवता येतो. पण त्यांना तो लेख विकायचाच असतो. तुमच्या सभासदांनी लिहिलं, ते आपसात राहील या विश्वासाने. तो विश्वास परस्पर मोडायचा अधिकार व्यवस्थापकाला नाही, असं मला मनापासून वाटतं.

मग करायचं काय? क्रॉलरला तेवढंच दाखवा, जेवढं अनोळखी माणसाला दाखवाल. चांगली पन्नास उत्तरं निवडा, लिहिणाऱ्याला विचारा, फोन नंबर आणि नावं काढा, आणि ती सर्वांसाठी खुली करा. ज्याचं उत्तर येणार नाही, त्याचा मजकूर बंदच ठेवा. यापुढे प्रश्न लिहितानाच ‘हे सर्वांना दिसलं तर चालेल’ अशी चौकट द्या, आणि ती आधीपासून भरलेली नको.

फोटो मात्र आजच तपासा. पुष्कळदा पानाला लॉगिन असतं, पण त्यातल्या चित्राचा थेट दुवा उघडा असतो. खाजगी विंडोत तो दुवा टाकून पाहा. यंत्राच्या फोटोत कोपऱ्यात पार्सलची चिठ्ठी असते, तिच्यावर सभासदाच्या घराचा पूर्ण पत्ता असतो.

आणि सुरुवात साध्या उत्तरांपासून करा. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता झाला, की माणूस बॉबिन उघडून बसतो. दोष बहुधा वरच्या दोऱ्याच्या ताणात किंवा तो ओवण्यात असतो. हे तुमच्याकडे कुणीतरी नक्की लिहिलं असेल. त्याला आज विचारा.