देवमासा कोणत्या गटात बसवावा?

प्रश्न : मी प्राथमिक वर्गाला शिकवते. पृष्ठवंशीय प्राण्यांच्या पाचही गटांची नावे मुलांना तोंडपाठ आहेत. पण चित्रे समोर ठेवली की वटवाघूळ पक्ष्यांत जाते, देवमासा माशांत आणि कासव उभयचरांत. हा विषय शिकवताना सुरुवात कुठून करावी?
– एक शिक्षिका

उत्तर : आपल्या विद्यार्थ्यांची चूक तर्काला धरूनच आहे. प्राणी उडतो की पोहतो हे आधी नजरेत भरते, म्हणून मुले त्यावरूनच गट पाडतात. सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणारा स्वीडिश निसर्गतज्ज्ञ कार्ल लिनियस यानेही १७३५ साली ‘सिस्टेमा नॅचुरे’ या आपल्या ग्रंथात देवमाशाला माशांतच बसवले होते; सस्तन प्राण्यांत त्याने त्याला आणले ते याच ग्रंथाच्या १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत. त्यात आपली भाषाही घोळ वाढवते. देवमासा आणि तारामासा हे दोन्ही मासे नव्हेत, आणि समुद्रघोडा मात्र मासा आहे! माझ्या मते ही तीन नावे फळ्यावर लिहूनच तासाला सुरुवात करावी.

पहिला प्रश्न पाठीच्या कण्याचा. मुलांना स्वतःच्या पाठीवरून बोट फिरवून मणके चाचपू द्यावेत. तारामाशाला कणा नाही, त्यामुळे तो इथेच बाद होतो. त्यानंतर शरीरावरचे आवरण पाहावे. पिसे आजच्या सजीवांत फक्त पक्ष्यांनाच असतात. वटवाघळाच्या अंगावर केस असतात आणि मादी पिल्लांना दूध पाजते, एवढ्यावर त्याचा निकाल लागतो. देवमाशाचे केस सहसा दिसत नाहीत. तिथे फुफ्फुसांनी होणारे श्वसन आणि पिल्लांना पाजलेले दूध यांचा आधार घ्यावा. चित्रातही एक खूण सापडते : माशाचे शेपूट उभे असून डावी-उजवीकडे हलते, तर देवमाशाचे आडवे असून वर-खाली हलते.

कासवाचा गोंधळ मात्र ‘उभयचर’ या शब्दातूनच निर्माण होतो. पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे वावरणारा प्राणी, एवढाच अर्थ सांगितला तर मूल कासवाला आणि मगरीलाही त्या गटात घालणारच. म्हणून राहण्याची जागा बाजूला ठेवून बेडकाची जीवनकथा सांगावी : त्याची अंडी कवच नसलेली, बुळबुळीत आवरणातली, त्यांतून निघणारी शेपटीवाली पिल्ले कल्ल्यांनी श्वास घेतात, आणि पुढे त्यांना पाय व फुफ्फुसे येतात. मोठ्या बेडकाची त्वचाही ओलसर आणि खवलेविरहित असते. याउलट कासव आयुष्यभर फुफ्फुसांनीच श्वास घेते, त्याच्या पायांवर कोरडे खवले असतात आणि समुद्रात राहणारी कासवेही अंडी घालायला किनाऱ्यावरच येतात; त्यामुळे ते सरीसृपांत बसते. खवले माशांनाही असतात, म्हणून तिथे कल्ले आणि पर पाहिल्याशिवाय निर्णय देऊ नये.

‘अंडी घालतो तो सस्तन नव्हे’ असा नियम मात्र शिकवू नये. प्लॅटिपस हा ऑस्ट्रेलियातला सस्तन प्राणी अंडी घालतो, तरीही त्याच्या अंगावर केस असतात आणि मादी पिल्लांना दूध पाजते. तिला स्तनाग्रे नसल्याने दूध त्वचेतून पाझरते आणि पिल्ले ते चाटून घेतात.