जेनोआत दोन दिवस: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

दोन दिवसांसाठी तुम्ही इटलीतले जेनोआ हे बंदराचे शहर निवडलेत, हे उत्तम केलेत. पहिल्या खेपेस बहुतेक जण एक चूक हमखास करतात: एक पूर्ण दिवस चिंक्वे तेर्रे या किनाऱ्यावरच्या पाच गावांना देतात आणि शहर उरलेल्या वेळात उरकतात. त्यामुळे दोन्ही अर्धवट राहतात. ती गावे पुढच्या प्रवासासाठी ठेवा.

मुक्काम प्रिंचिपे किंवा ब्रिन्योले रेल्वे स्थानकाजवळ घ्या आणि सामान हलके ठेवा, कारण जुन्या शहरात चढ व पायऱ्या पुष्कळ आहेत. पहिली सकाळ 'कारुज्जी' म्हणजे तिथल्या अरुंद गल्ल्यांत घालवा. मग गारिबाल्दी रस्त्यावरचे, २००६ साली जागतिक वारशात समाविष्ट झालेले रोल्ली प्रासाद, म्हणजे जुन्या सरदार घराण्यांचे वाडे, पाहा आणि ऊन उतरू लागले की पोर्तेल्लो चौकातल्या लिफ्टने कास्तेल्लेत्तो या उंचावरच्या भागातल्या सज्जावर जा. पाटीच्या दगडाची छपरे, बंदर आणि त्यापलीकडचा समुद्र तिथून एका नजरेत मावतो. या एका दृश्यासाठी तासभर राखून ठेवाच.

दुसऱ्या दिवशी बोक्कादास्से किंवा नेर्वी या शहरातल्याच समुद्रकाठच्या भागांपैकी एकच निवडा. नेर्वीला लोकल गाडीने जाताना छापील तिकिटावर चढण्यापूर्वीच स्थानकावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड होऊ शकतो.

दुपारच्या जेवणानंतर अनेक उपाहारगृहे संध्याकाळपर्यंत बंद असतात. तेव्हा फोकाच्चा, म्हणजे ऑलिव्ह तेल लावलेला चपटा पाव, घ्यावा. शाकाहारी असाल तर फारिनाता जरूर खा: चण्याचे पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल, भट्टीत भाजलेले, आपल्या बेसनाच्या पोळ्याचेच हे जाडसर भावंड.