संशोधनाला पैसा कुणाचा, यापेक्षा तो किती वर्षं थांबू शकतो?

तुम्ही विचारलंय की बाजारात येणारी नवी वस्तू शेवटी कंपन्याच आणतात, मग सरकारनं लोकांच्या करातून संशोधनाला पैसा द्यायचा कशाला? मी बरीच वर्षं जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम केलंय, तेव्हा तिथे रोज हाताळायच्या एका वस्तूवरूनच सांगतो.

टॅक पॉलिमरेज नावाचं एक एन्झाइम असतं. बर्फात खोचलेली बोटाच्या पेराएवढी कुपी, तळाशी थोडासा द्रव. ग्लिसरॉलमुळे तो दाटसर असतो, पिपेटच्या टोकाला चिकटतो, म्हणून सावकाश ओढावा लागतो. पीसीआर म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढायची पद्धत; ती करताना डीएनएचे दोन धागे सुटे करायला मिश्रण ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. एवढ्या उष्णतेत बहुतेक एन्झाइमं निकामी होतात. सुरुवातीच्या काळात तर प्रत्येक फेरीला झाकण उघडून नवं एन्झाइम घालावं लागे, आणि अशा पंचवीस-तीस फेऱ्या. टॅक एकदा घातलं की शेवटपर्यंत टिकतं.

ते आलं अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांतून. थॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी १९६६ मध्ये तिथला एक जिवाणू वेगळा केला आणि १९६९ मध्ये थर्मस अक्वाटिकस या नावानं त्याचं वर्णन छापलं. पैसा नॅशनल सायन्स फाउंडेशनचा, म्हणजे सरकारी. ब्रॉक यांना ना औषध बनवायचं होतं ना चाचणी. एवढ्या गरम पाण्यात जगतं तरी कोण, हे त्यांना बघायचं होतं. जिवाणूचा नमुना त्यांनी संग्रहात जमा केला, कुठल्याही संशोधकाला मागवता येईल असा.

पुढे १९८३ मध्ये सीटस या खासगी कंपनीत काम करणाऱ्या कॅरी म्युलिस यांना पीसीआरची कल्पना सुचली. कंपनीनं ती चालती केली, त्या जिवाणूतलं टॅक त्यात आणलं, आणि १९९१ मध्ये तिचे हक्क रोश कंपनीनं ३० कोटी डॉलरना विकत घेतले. सीटसचं श्रेय मी तसूभरही कमी करणार नाही. पण १९६६ मध्ये कुठल्या कंपनीच्या संचालकांनी झऱ्यातला गाळ तपासायला पैसे दिले असते?

यात कंपन्यांचा दोष नाही. रिचर्ड नेल्सन यांनी १९५९ मध्ये आणि केनेथ ॲरो यांनी १९६२ मध्ये हे अर्थशास्त्राच्या भाषेत मांडलंय: मूलभूत ज्ञान एकदा बाहेर पडलं की ते सगळ्यांचं होतं, खर्च मात्र एकट्याचा. मग कंपनी अशा कामावर हात राखूनच खर्च करणार.

कधी सुरुवात कंपनीतही होते. लिथियम बॅटरीचं काम १९७० च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी एक्सॉन या तेलकंपनीत सुरू केलं. पुढे कंपनीनं त्यातून अंग काढून घेतलं. मग जॉन गुडइनफ यांच्या गटानं १९८० मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठात कोबाल्ट ऑक्साइडचा धनाग्र (बॅटरीचं धन टोक) शोधला. १९८५ मध्ये अकिरा योशिनो यांनी जपानच्या असाही कासेई कंपनीत सुरक्षित रचना बसवली आणि १९९१ मध्ये सोनीनं बॅटरी बाजारात आणली. पहिल्या कंपनीनं सोडलेला धागा विद्यापीठात कुणी धरून ठेवला नसता, तर पुढच्या कंपनीच्या हाती काय लागलं असतं?

‘बेल लॅब्ज’चं उदाहरण इथे हमखास देतात. १९४७ चा ट्रान्झिस्टर तिथलाच, आणि पैसा खासगी. खरं आहे. फक्त तिची मालक एटी अँड टी होती, आणि अमेरिकेच्या टेलिफोन व्यवसायावर तिची जवळपास मक्तेदारी होती. उत्पन्नाची चिंता नव्हती, म्हणून फळाची वाट बघत थांबण्याची ऐपत होती.

सरकारी पैसाही नेहमी थांबतो असं मात्र नाही, आणि याची मला मनापासून खंत वाटते. एमआरएनएवर, म्हणजे पेशीला प्रथिन बनवायची सूचना देणाऱ्या रेणूवर, काम करणाऱ्या कॅटलिन कॅरिको यांचे अनुदानाचे अर्ज वारंवार फेटाळले गेले. १९९५ मध्ये विद्यापीठानं त्यांना खालच्या पदावर टाकलं. ड्र्यू वाइसमन यांच्यासोबतचा त्यांचा कळीचा निबंध २००५ चा, नोबेल २०२३ चं. मधली कोविडची लस जगानं पाहिलीच. अनुदानाच्या अर्जात ‘अपेक्षित उपयोग’ असा रकाना मीही भरलाय, आणि तिथे काहीतरी ओढूनताणून लिहावं लागतं हे मला ठाऊक आहे. उपयोगाची खात्री मागायला कंपन्या आहेतच. करदात्यांच्या पैशानंही तोच प्रश्न विचारला, तर ब्रॉक यांच्यासारख्यांनी जायचं कुठे?

एका बाबतीत मात्र तुमची नाराजी मला पूर्ण पटते. १९८० च्या बाय-डोल कायद्यानं अमेरिकेत सरकारी पैशातून लागलेल्या शोधांचे पेटंट हक्क विद्यापीठांना आणि छोट्या कंपन्यांना स्वतःकडे ठेवता येऊ लागले. त्यामुळे शोध कपाटात पडून राहायचे कमी झाले, हे चांगलंच. पण त्याच कायद्यात ठरावीक परिस्थितीत तो शोध दुसऱ्यालाही वापरायला द्यायला लावण्याचा अधिकार सरकारनं राखून ठेवलाय, आणि औषध महाग आहे म्हणून तो आजवर एकदाही वापरलेला नाही. म्हणजे माणूस आधी करातून पैसा देतो आणि आजारी पडला की औषधाच्या दुकानात पुन्हा देतो. हिशेब मागायचाच असेल तर तो इथे मागा, झऱ्यातला गाळ तपासणाऱ्याकडे नको.