अध्यादेश, जीआर आणि कायदा

दहावीला राज्यशास्त्र शिकवणाऱ्या एका शिक्षिकेने विचारलं आहे : बातम्यांत कधी 'अध्यादेश काढला', कधी 'जीआर निघाला', तर कधी 'कायदा मंजूर झाला' असं येतं. हे सगळं एकच का, असं मुलं विचारतात. काय सांगावं?

एकच नाही. आणि या फरकासाठी एक आख्खा तास गेला तरी तो द्यावा, असं मला मनापासून वाटतं.

सर्वांत जास्त गल्लत अध्यादेशाची होते. मराठीत कुठल्याही सरकारी हुकमाला सर्रास अध्यादेश म्हटलं जातं. राज्यात अध्यादेश काढतात ते राज्यपाल, राज्यघटनेच्या कलम 213 नुसार, आणि तोही अधिवेशन चालू नसेल तेव्हाच. त्याला कायद्याइतकंच बळ असतं, पण आयुष्य बेताचं. अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत त्याच्या जागी कायदा आला नाही, तर तो संपतो. जीआर म्हणजे शासन निर्णय. तो मंत्रालयातला विभाग काढतो, सभागृहात जात नाही, आणि कायद्याच्या विरोधात जाऊ शकत नाही. दुसरा जीआर काढून तो बदलताही येतो.

गल्लत होण्याजोगी एक ओळ जीआरच्या कागदावरच असते. शेवटी सहीपाशी छापलेलं असतं, 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने'. सही मात्र उपसचिवांची किंवा कक्ष अधिकाऱ्यांची. अध्यादेश राजपत्रात छापून येतो आणि त्याची सुरुवातच सांगते की विधानमंडळाचे अधिवेशन चालू नाही. दोन्ही कागद मुलांच्या हातात द्यावेत; निम्मं काम तिथेच होतं.

आता 'कायदा मंजूर झाला'. सभागृहात मंजूर होतं ते विधेयक. व्याकरणाच्या तासाला मुलांनी उद्देश्य आणि विधेय शिकलेलं असतं. दोन्हीकडे शब्द एकच, 'वि + धा' या धातूवरून आलेला. जे विहित करायचं आहे, अजून झालेलं नाही, ते विधेयक. राज्यपालांची किंवा राष्ट्रपतींची संमती मिळाली की त्याचा अधिनियम होतो. बोलताना आपण त्यालाच कायदा म्हणतो, त्यात काही चूक नाही.

महाराष्ट्रातलं एक उदाहरण सगळे टप्पे दाखवतं. जादूटोणाविरोधी विधेयक वर्षानुवर्षं रखडलं होतं. 20 ऑगस्ट 2013 रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली आणि काही दिवसांतच अध्यादेश निघाला. डिसेंबरात नागपूर अधिवेशनात दोन्ही सभागृहांनी विधेयक मंजूर केलं आणि संमतीनंतर 2013 चा अधिनियम झाला.

याउलट जानेवारी 2024 मधला 'सगेसोयरे अध्यादेश'. तो अध्यादेश नव्हताच. जातप्रमाणपत्राच्या नियमांत बदल सुचवणारी ती मसुदा अधिसूचना होती, आणि तिच्यावर 16 फेब्रुवारीपर्यंत हरकती व सूचना मागवल्या होत्या. अध्यादेश ऐकणाऱ्याला वाटतं की झालं ते झालं, आता बोलायला जागा नाही. मसुदा म्हटलं की कुणालाही, दहावीतल्या मुलालासुद्धा, कागद घेऊन लेखी हरकत पाठवता येते. विधेयक असेल तर आमदाराला गाठायचं, जीआर असेल तर ज्या विभागाने काढला त्याला लिहायचं. म्हणून वर्गात बातमीचं कात्रण वाचताना पहिला प्रश्न हाच घ्यावा : हा कागद कुणी काढला आणि तो आत्ता कुठल्या टप्प्यावर आहे?