वजन उतरतंय, पण घरच्या काट्यावर फॅटचा टक्का वाढलाय. माझे स्नायू झिजतायत का?

तुम्ही लिहिलंय की तीन आठवड्यांत वजन 78 वरून 75.5 किलोवर आलं आणि फॅट मात्र 31 वरून 32 टक्के झालं. आधी या टक्क्यांचे किलो करून बघा. 78 चे 31 टक्के म्हणजे सुमारे 24.2 किलो, आणि 75.5 चे 32 टक्के म्हणजेही तेवढेच. म्हणजे काट्याच्या मते चरबी जागची हललीच नाही, गेलं ते सगळं बाकीचं. ऐकून पोटात गोळा येतो, पण त्या 'बाकीच्या'त पाणीही धरलेलं असतं. खाणं कमी केलं की साठवलेलं ग्लायकोजेन (स्नायूंत आणि यकृतात राखून ठेवलेली साखर) आधी घटतं आणि त्याच्या दर ग्रॅममागे साधारण 3 ग्रॅम पाणी निघून जातं. सुरुवातीचा किलो-दीड किलो बहुधा असाच उतरतो.

मुळात हा काटा चरबी मोजतच नाही. तो एका तळपायातून अगदी सौम्य वीज सोडतो, ती दुसऱ्या पायातून परत येते, आणि वाटेत तिला किती अडथळा झाला ते तो पाहतो. (पेसमेकर असेल तर असा काटा वापरू नका.) स्नायूंत पाणी भरपूर, तिथून वीज सहज जाते. चरबीत पाणी कमी, तिथे ती अडते. हा अडथळा, वजन, उंची, वय आणि लिंग सूत्रात घालून टक्का काढला जातो. त्यामुळे अंगातलं पाणी कमी झालं की काटा ते चरबीच्या खात्यावर लिहितो. गंमत म्हणजे दोन ग्लास पाणी पिऊन लगेच उभं राहिलं तरी तेच होतं: वजन वाढतं, अडथळा फारसा बदलत नाही, आणि पोटातलं पाणी चरबी ठरतं. काट्याच्या मोबाइल ॲपमध्ये 'ॲथलीट' निवडून पुन्हा उभे राहा, त्याच शरीराचा टक्का खाली आलेला दिसेल. सूत्र बदललं, एवढंच.

मी 84 वरून 76 किलोवर येताना पहिले दोन महिने रोजच्या टक्क्यावर माझा अख्खा दिवस ठरायचा. आकडा वाढला की जेवण तोडायचो. ते चुकलंच, तुम्ही तसं करू नका. पुढे मी सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, पाणी पिण्याआधी, कोरड्या अनवाणी पायांनी, त्याच टणक फरशीवर उभा राहू लागलो. आठवड्याची सरासरी वहीत लिहायची आणि तुलना चार आठवड्यांपूर्वीच्या सरासरीशीच करायची. सोबत बेंबीच्या रेषेत टेपने कंबर मोजायची. पाळी येत असेल तर त्या दिवसांत पाणी साठतं, म्हणून महिन्याच्या त्याच टप्प्यातले आकडे जुळवा.

स्नायूंची काळजी मी कधी करेन? वजन उतरतंय पण कंबर महिनाभर तशीच आहे, आणि नेहमीचं वजन उचलणं किंवा जिना चढणं जड जातंय, तेव्हा. तसं होत असेल तर जेवणात प्रथिनं वाढवा, आठवड्यातून दोन-तीनदा ताकदीचा व्यायाम करा आणि घाई थोडी कमी करा. तुमच्या कंबरेचं माप तुम्ही लिहिलेलं नाही. आजच घेऊन ठेवा.