वाचक विचारतात: डांग्या खोकला अजून असतोय होय?

प्रश्न: डॉक्टर, बाळ दोन महिन्यांचं आहे. सासूबाईंचा खोकला महिना झाला जाईना, दिवसा बऱ्या असतात पण रात्री उबळ आली की ओकारी येईपर्यंत खोकतात, एक्सरे क्लिअर आहे. शेजारच्या काकू म्हणतात डांग्या खोकला असणार, पण तो लहान पोरांचा आजार ना? बाळाला सर्दी होती म्हणून दीड महिन्याचा डोस राहिलाय. कुणी गाढविणीचं दूध पाजा म्हणतंय. — एक आई, कसबा बावडा

उत्तर: ताई, काकूंचा अंदाज उडवून लावण्यासारखा नाही. डांग्या खोकला मोठ्यांनाही होतो, कारण लहानपणी घेतलेल्या लसीचा जोर काही वर्षांत उतरतो, आणि एकदा होऊन गेला म्हणून परत होत नाही असंही नाही. हा बोर्डेटेला पर्ट्युसिस नावाचा जंतू, तो श्वासनलिकेतले कफ बाहेर ढकलणारे बारीक केसच निकामी करतो, मग जंतू मेला तरी खोकला आठवडेच्या आठवडे चालूच, म्हणून काही ठिकाणी त्याला शंभर दिवसांचा खोकला म्हणतात. सासूबाईंची थुंकी मात्र टीबीसाठी आधी तपासून घ्या, दोन आठवड्यांवरचा खोकला म्हटलं की आपल्याकडे ते पहिलं, कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात फुकट होतं.

मला काळजी सासूबाईंची नाही, बाळाची आहे. मोठ्या पोरांचा खोकला ऐकूनच कळतो, शेवटी श्वास आत ओढताना ‘हूप’ असा आवाज येतो. इतक्या लहान बाळाला तो आवाज येईलच असं नाही, कधी खोकलाही फारसा नसतो, बाळ नुसतं श्वास घ्यायचं थांबतं, ओठ निळे पडतात. न्यूमोनिया, झटके, क्वचित मेंदूला सूज, हे सगळं याच वयात जास्त. असं काही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, तसंच उचलून दवाखाना गाठायचा. तसं काही नसलं तरी आजच बालरोगतज्ज्ञांना घरातल्या खोकल्याचं सांगा, बाळाला अँटिबायोटिक द्यायचं का ते ठरवतील. सासूबाईंना आता ते देऊन उबळ लगेच थांबेल असं नाही, सुरुवातीच्या दिवसांतच त्याचा खरा उपयोग. तोवर बाळ त्यांच्याजवळ नको, बोलायला अवघड आहे मला माहितीय, माझं नाव सांगा.

आणि डोस. साध्या सर्दीला डोस थांबवायचा नसतो हो! पेंटा, म्हणजे डांग्या खोकल्यासह पाच आजारांवरची एकच लस, ६, १०, १४ आठवड्यांना, मग दीड वर्षाला आणि पाच-सहा वर्षांला डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर. ताप येतो, पाय दुखतो, एक-दोन दिवसांत जातं. राहिलेला उद्याच घ्या, बाकीचे चार-चार आठवड्यांनी. गाढविणीचं दूध नको, मधाचं बोटही नको, वर्षाच्या आत मध धोक्याचा.

तुमची कुणी बहीण-जाऊ गरोदर असेल तर तिला सांगा, सातव्या ते नवव्या महिन्यात, म्हणजे २७ ते ३६ आठवड्यांत टीडॅप ही डांग्या खोकल्याचाही भाग असलेली लस घ्यायची, आईची ताकद बाळाला पोटातच मिळते. सरकारी दवाखान्यात गरोदरपणी मिळतं ते टीडी, म्हणजे नुसतं धनुर्वात-घटसर्पाचं, त्यात डांग्या खोकल्याचा भाग नसतो, ही गोष्ट कुणी सांगतच नाही.

प्रश्न: बाबांना शुगर आहे. गेल्या वर्षी फ्लूचं इंजेक्शन घेतलं, तरी सर्दी झालीच. आता परत दरवर्षी कशाला? — राजारामपुरी

उत्तर: ते इंजेक्शन सर्दीचं नव्हेच. सर्दीचे व्हायरस वेगळे. फ्लू म्हणजे एकाएकी ताप, अंग मोडून निघालेलं, माणूस आडवा. शुगर असलेल्यांना त्यातून न्यूमोनिया होतो, शुगर हाताबाहेर जाते आणि फ्लूनंतरच्या आठवड्यात हार्ट अटॅकचा धोकाही वाढतो. २००९ साली ज्या स्वाइन फ्लूनं पुण्यात घबराट झाली तो आता साधा सीझनल फ्लू म्हणून येतो, गेलेला नाही. हा व्हायरस रूप बदलत राहतो आणि लसीची ताकदही वर्षभरात उतरते, म्हणून दरवर्षी नवीन. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो, पण ॲडमिट व्हायची वेळ कमी येते. आपल्याकडे पाऊस लागला की फ्लू चढतो आणि लस लागू पडायला दोन आठवडे लागतात, तेव्हा मे अखेरीस घेऊन मोकळे व्हा. तरी ताप आलाच तर दोन दिवसांच्या आत डॉक्टरांना दाखवा, फ्लूची गोळी त्याच वेळात नीट चालते.

बावड्याच्या ताई, सहा महिन्यांच्या आत बाळाला फ्लूची लस देता येत नाही, तुम्ही मात्र घेऊ शकता, अंगावर पाजत असलात तरी चालते.