सही करण्याआधी विम्याचं कलम वाच

अनेक आशीर्वाद.

स्वीडनमधल्या गोथेनबर्गहून नोकरीची ऑफर आल्याचं कळलं, फार आनंद झाला. ‘तिथले लोक परक्यांना आपलं मानतात का?’ असं विचारलंयस. त्याआधी कागदांचं बघू.

नोव्हेंबर 2023 मध्ये स्वीडनने वर्क परमिटसाठी पगाराची अट एकदम चढवली, देशातल्या मध्यक पगाराच्या (निम्म्या लोकांना ज्याहून कमी आणि निम्म्यांना जास्त मिळतो, त्या पगाराच्या) 80 टक्के. हे आकडे बदलत असतात, तेव्हा अर्ज करशील त्या दिवशीचा नियम बघ. आयटीवाल्यांना पगार नडत नाही, नडतो तो विमा. कंपनीने एखादा विमा काढायचा राहिला म्हणून चांगल्या इंजिनिअरांच्या परमिटची मुदतवाढ तिथे नाकारली गेली आहे. चूक मालकाची, बॅगा भरायच्या कर्मचाऱ्याने! 2017 च्या अखेरीस वरिष्ठ न्यायालयाने ‘एका चुकीवर नको, एकूण प्रकरण बघून ठरवा’ असं सांगितलं, तेव्हा हा जाच कमी झाला. तरी पगाराच्या स्लिपा आणि विम्याचे कागद स्वतःच्या फाइलमध्ये ठेव, एचआरच्या भरवशावर राहू नकोस.

आता लोकांविषयी. जेमतेम एक कोटी वस्तीच्या या देशात 2015 मध्ये सुमारे 1 लाख 63 हजार लोकांनी आश्रय मागितला. पुढच्याच वर्षी नियम आवळले गेले. 2022 च्या निवडणुकीत स्थलांतरविरोधी स्वीडन डेमोक्रॅट्स दुसऱ्या क्रमांकाचा पक्ष ठरला आणि त्यांच्या पाठिंब्यावर सरकार आलं. वाद निर्वासितांवरून पेटला, झळ वर्क परमिटवाल्यांनाही लागली.

पण शेजाऱ्याच्या गप्प राहण्यात हे राजकारण शोधू नकोस. लिफ्टमध्ये तो तुझ्याशी बोलणार नाही, तसा स्वीडिश शेजाऱ्याशीही बोलत नाही. इमारतीच्या सामाइक लॉन्ड्रीत वेळ आधी बुक करावी लागते. तुझं मशीन दहा मिनिटं जास्त चाललं किंवा ड्रायरच्या जाळीत धागे राहिले, तर तोंडावर कुणी ब्र काढणार नाही, पण भिंतीवर खरमरीत चिठ्ठी लागेल. ती सगळ्यांनाच लागते.

याचा अर्थ भेदभाव नाहीच, असं मात्र नव्हे. सारख्याच पात्रतेच्या अर्जांवर अरबी नाव असलं की मुलाखतीची बोलावणी कमी येतात, हे तिथल्याच अभ्यासकांनी दाखवलंय. म्हणून ऑफिसात इंग्रजीवर भागलं तरी पहिल्या हिवाळ्यातच स्वीडिशचा वर्ग लाव. अंधार लवकर पडतो, संध्याकाळी दुसरं करण्यासारखं फारसं नसतंच.

कराराचा मसुदा सही करण्याआधी मला पाठव. पेन्शन आणि विम्याची पानं विसरू नकोस.

तुझा,
काका